खडूची खूण

मार्च आला की माझं डोकं फिरतं. उन्हामुळं नव्हे. आम्हा अकोल्याच्या माणसांना उन्हाचं काय कौतुक! माझं डोकं फिरतं ते प्रॅक्टिकलच्या परीक्षांमुळं. गल्लीतल्या पोरी पांढरे कोट इस्त्रीला टाकतात, जर्नलं छातीशी धरून फिरतात आणि त्यातली एखादी फाटकापाशी थांबून विचारते, "आजी, तोंडी परीक्षेत काय विचारतात हो?" मी म्हणते, "काही बी विचारतील. तू एवढंच कर, तुझ्या बाजूनं कोण बोलणार हाये ते आधी पाहून ठेव." पोरी हसतात. त्यांना वाटतं, आजी गंमत करून राहिली.

गंमत कशाची, बायांनो! साठ सालाच्या आसपासचा एक मार्च अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मी अमरावतीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती, खिडक्यांना काळे पडदे लावलेली. त्या खोलीचा वास मला आजही येतो. तापलेल्या तारांचा, जुन्या लाकडाचा, आणि पडदा जरा हलला की बाहेरून येणारा निंबाच्या मोहराचा. दुपारी बारा वाजता आत शिरलं की डोळ्यांना काही दिसायचं नाही. मग हळूहळू दुर्बिणीच्या नळीत तो वर्णपट उगवायचा, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, सगळे रंग शेजारी शेजारी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मोठ्यानं "अगं माय!" म्हणाले होते आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली होती.

हसणारच. वर्गात मुलगी मी एकटी, आणि बोली ही अशी. आमचं घर बार्शीटाकळीचं. बा अकोल्याच्या एका जिनात हंगामी कामाला जायचा. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की जिनं सुरू होत आणि होळीच्या सुमारास बंद पडत. छप्पन साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या मायला म्हणाला, "पोरगी आता थांबणार नाई. जिथवर वर्ग हायेत तिथवर जाईल." मी गेले. अमरावतीला मामाच्या घरी राहिले. आणि त्या शेवटच्या वर्षी एक गोष्ट अशी जवळ आली होती की हात लांबवला तर मिळेल. विभागात राहून शिकवायची आणि काचेवरचं काम पुढं चालवायची एक जागा निघणार होती. विभागप्रमुख सरांनी स्वतः म्हटलं होतं, "तोंडी परीक्षा नीट पार पाडा, मग बघू." बानं तेवढ्यावर गावभर सांगून टाकलं होतं की पोरगी कॉलेजात शिकवणार.

आता ही काच काय होती ते सांगते. सरांनी ओळखीच्या एका कारखान्यातून कच्च्या काचेचे तुकडे आणले होते. दिसायला साधे, जरासे पिवळट. त्या काचेत कॅडमियम, सेलेनियम असले पदार्थ मिसळलेले असतात. ती भट्टीत पुन्हा तापवली की तिला रंग चढतो. आधी लिंबासारखा पिवळा, मग नारिंगी, मग लाल. तापवलेला तुकडा दिव्यापुढं धरायचा आणि वर्णपट पाहायचा. जांभळा, निळा, हिरवा गायब. जिथून प्रकाश पुन्हा सुरू होतो तिथं एक काठ दिसतो. तो काठ कुठं आहे ते मोजायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण मी त्या काठाच्या प्रेमात पडले होते. घरी भाकरी थापताना मला तो दिसायचा.

आणि मी प्रेमात पडले होते कुमुदताईंच्या. ताई आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं शिकवायच्या. पस्तिशीच्या असतील. गोऱ्या, बारीक, नऊवारीतून पाचवारीत नुकत्याच आलेल्या. नवरा परतवाड्याला नोकरीला, इथं सासू आणि नंदा नावाची लहान मुलगी. नोकरी अजून कच्ची होती, त्या उन्हाळ्यात पक्की होईल अशी आशा. मला त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "तुझं बोलणं बदलू नकोस गं. डोळा चांगला आहे तुझा, तो जप." तोवर माझ्या डोळ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. आमच्या जातीबद्दल मात्र पुष्कळ जण न बोलता बोलले होते.

भट्टी एकदा पेटली की तिच्यासमोरून हलता यायचं नाही. ठराविक वेळानं एकेक तुकडा चिमट्यानं बाहेर काढायचा असे. त्यामुळं दुपारचं जेवण तिथंच. मी मामीनं दिलेली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून नेई. ताईंचा पितळी डबा असे. काही दिवस आम्ही दोन टोकांना बसून जेवलो. मग एका दुपारी त्या स्टूल ओढत माझ्यापाशी आल्या, माझ्या फडक्यातली भाकर मोडली, चटणी लावून तोंडात घातली आणि म्हणाल्या, "अगं, हे असलं काही आमच्याकडं कुणाला करताच येत नाही!" त्यानंतर रोज आमचं जेवण एकत्र. त्या माझी भाकर खायच्या, मी त्यांची पोळी. फक्त एकदा हात धुताना त्या हळूच म्हणाल्या, "हे बाहेर कुठं बोलू नकोस हं. सासूबाईंच्या कानावर गेलं तर मला घरात राहता यायचं नाही." मी म्हटलं, "नाई बोलणार, ताई. शब्द देते." जरासं टोचलं. पण भाकर मोडणारा त्यांचा हात मी पाहिला होता, आणि त्या हातासाठी मी दहा शब्द दिले असते.

आता खडूची खूण. भट्टीची उष्णता मोजायचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं ते गेलंच. मग काय करायचं? वीज कमी-जास्त करायला एक सरकता दांडा होता. दिवाळीनंतर यंत्र चालू असताना ताईंनी त्या दांड्यापाशी पांढऱ्या खडूनं एक खूण करून ठेवली होती. दांडा खुणेवर आणला की भट्टी हवी तेवढी तापते, असा हिशेब. यंत्र गेलं, खूण राहिली. पुसट झाली की ताई पुन्हा गिरवायच्या. सर, पोरं, मी, सगळे त्या खुणेवर विसंबून होतो. सरांनी आपल्या स्वतःच्या निबंधासाठीची मोजमापंसुद्धा त्याच खुणेवर घेतली होती.

फेब्रुवारी संपता संपता माझे तुकडे बिघडायला लागले. बिघडायला म्हणजे, जे पिवळे निघायचे ते नारिंगी निघू लागले, नारिंगी निघायचे ते लालबुंद. काच तीच, खूण तीच, वेळ तोच. काठ मात्र तांबड्याकडं सरकलेला. मी वैतागले. मामाच्या घरी डोकं धरून बसले तर मामी म्हणाली, "काहून वं, एवढी काय विचार करून राहिली? अन् आज दिवा कसा लखलख जळून राहिला पाह्य!" मी वर पाहिलं. हंगामभर आमच्या दिव्याचा उजेड हळदीच्या पाण्यासारखा असे. आज तो पांढरा होता. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, जिनं बंद झाली! बाची चिठ्ठी आलीच होती, जिन थंडावलं, घरी आलो म्हणून. इथं अमरावतीतलीही सगळी जिनं दिवाळीपासून वीज ओढत होती तेव्हा आमच्या भट्टीला कमी वीज मिळत होती. आता यंत्रं थांबली, तारांत जोर आला, आणि आम्ही दांडा ठेवून राहिलो त्याच जुन्या खुणेवर! भट्टी जास्त तापणार नाही तर काय? पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कशाला सुचेल? पण आम्ही तर कापसाच्या मुलखातले. आम्हालाही चार महिने सुचलं नाही, याचं मला आजही हसू येतं.

सकाळी धावतच गेले. ताईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसल्या. "अगं बाई, बरोबर आहे की तुझं!" मग आम्ही दोघींनी मुद्दाम करून पाहिलं. एकाच काचेचे तुकडे घेऊन कुणाला कमी तापवलं, कुणाला जास्त. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले. फिकट पिवळ्या तुकड्यापासून रक्तासारख्यापर्यंत. आणि काठ? शिस्तीत सरकत गेलेला, एकही तुकडा रांग सोडून नाही. म्हणजे रंग नुसत्या मिश्रणात नव्हता. तापताना काचेच्या पोटात काहीतरी वाढत होतं, आणि ते जेवढं मोठं होई तेवढा काठ तांबड्याकडं जाई. मी म्हटलं, "ताई, तूप कढवून ठेवलं की त्यात रवा धरतो ना, बारीक रवा, मोठा रवा, तसं असंल का?" ताईंनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी मला जवळ ओढून घेतलं. म्हणाल्या, "पोरी, हे तुझं आहे. हे तू तोंडी परीक्षेत सांग. जागा तुझीच." त्या दुपारी मला जेवण गेलं नाही, एवढा आनंद झाला होता.

तोंडी परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाच्या मधोमध, शेजारी आमचे सर, आणि तुकडे दाखवायला मदत म्हणून ताई उभ्या. मी सगळं सांगितलं. खूण, जिनं, वीज, काठ, तुपाचा रवासुद्धा. परीक्षक पुढं झुकून ऐकत होते. "रोचक आहे," ते म्हणाले, आणि सरांकडं वळले, "म्हणजे आपली आधीची मोजमापंही त्याच खुणेवरची का?"

सरांचा चेहरा उतरला. मला तेव्हा कळलं नाही, आज कळतं. खूण बेभरवशाची ठरली की त्यांचा निबंधही बेभरवशाचा ठरत होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ताईंना विचारलं, "खूण तुम्ही केलेली ना? मग या मुलीच्या तुकड्यांत एवढा फरक कसा?"

ताईंनी पदर सारखा केला. आणि शांतपणे म्हणाल्या, "खूण बरोबर आहे, सर. ही दुपारी भट्टी चालू टाकून घरी जेवायला जायची. तुकडे वेळेवर निघायचे नाहीत. मी सांगून पाहिलं."

काय सांगू तुम्हाला! कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. जेवायला जायची? मी? जिच्या फडक्यातली भाकर या बाईनं हिवाळाभर त्याच भट्टीसमोर बसून खाल्ली, ती मी? मी म्हटलं, "नाई सर, मी एकदाबी हलली नाई तिथून. तिथंच जेवत होती."

"एकटी?" सरांनी विचारलं. "कुणी पाहिलंय?"

मी ताईंकडं पाहिलं. त्या खाली बघत होत्या, तुकडे डब्यात ठेवत होत्या. एक शब्द बोलले असते की झालं होतं. "ताईंसोबत जेवत होती, सर, एका फडक्यातलं." पण मी शब्द दिला होता. ज्या बाईनं केसानं माझा गळा कापला होता, तिला घरातून बाहेर काढतील या भीतीनं माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "हो सर. एकटी."

परीक्षक मागं टेकले. "निरीक्षणाची हौस चांगली आहे, बाई, पण ज्याला भट्टी सांभाळता येत नाही त्याच्या निरीक्षणावर विश्वास कसा ठेवायचा?" ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना जे सांगितलं त्यावरून ते बोलले.

पास झाले. जागा दुसऱ्याला मिळाली. ताईंची नोकरी त्या उन्हाळ्यात पक्की झाली. मी गाठोडं घेऊन घरी आले तेव्हा बा ओट्यावर बसला होता. "काहून, काय झालं?" मी म्हटलं, "नाई झालं." संध्याकाळी बा चावडीकडं जायला निघाला तो फाटकातूनच परत फिरला. गावाला काय सांगायचं, हे त्याला सुचेना. मला रडू आलं ते तेव्हा, माझ्या जागेसाठी नव्हे, बाच्या त्या परत फिरण्यासाठी.

पुढं पुष्कळ वर्षांनी कुठल्याशा मासिकात मी वाचलं, की असल्या रंगीत काचेत खरोखरच सूक्ष्म कण असतात, आणि कण लहान-मोठा झाला की प्रकाशाचा काठ सरकतो. त्यामागचं गणितही दिलं होतं. सगळं काही मला कळलं नाही. कण मात्र होते. मी ते मासिक मिटलं आणि उगाच भांडी घासत बसले. लोक म्हणतील, तुला ते गणित कुठं येत होतं? नव्हतंच येत. पण मला काम करत राहायचं होतं, हो! कट्ट्यावरच्या त्या तुकड्यांच्या पुढं मला एक पाऊल टाकायचं होतं. चुकले असते तर माझी मी चुकले असते.

असो. अकोल्याला शाळेत लागले. विज्ञान शिकवलं, घरी शिकवण्याही घेतल्या. राग पोटात होताच. पण राग असला तरी माणूस जेवतो, झोपतो, फळा पुसतो. त्या तोंडी परीक्षेला सहा-सात वर्षं झाली असतील. असाच मार्च होता. दारात रिक्षा थांबली आणि कुमुदताई उतरल्या. मागं उंच झालेली नंदा.

"अगं, किती शोधलं तुला!" त्या सरळ आत आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. नवऱ्याची बदली अकोल्याला झाली होती, नंदा कॉलेजात पहिल्या वर्षाला. "हिचं प्रॅक्टिकल कच्चं आहे. म्हटलं, आपलं हक्काचं माणूस आहे इथं." हक्काचं! मी पाणी दिलं, चहा केला. मनात एकच, आता बोलतील. आता म्हणतील, पोरी, त्या दिवशी माझं चुकलं. कपबशी धुवायला उचलेपर्यंत मी वाट पाहिली. त्या सासूबाई गेल्याचं बोलल्या, अकोल्याच्या पाण्याचं बोलल्या, आणि निघाल्या. नंदाला मी ठेवून घेतलं. का, म्हणाल तर खरं सांगते, मुलीच्या निमित्तानं आई पुन्हा येईल, आणि कधीतरी ते एक वाक्य म्हणेल, या आशेनं.

नंदा गोड मुलगी. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला बर्नरबद्दल काही सांगत होते तर ती खुदकन हसली. "मॅडम, आमच्या घरी स्टोव्ह चालू ठेवून कुणी हललं ना, की आई एक गोष्ट सांगते. तिच्या कॉलेजात एक मुलगी होती म्हणे, फार हुशार, पण भट्टी चालू टाकून जेवायला जायची. त्यापायी तिचं सगळं आयुष्य गेलं."

म्हणजे माझी गोष्ट त्या घरात रोज स्टोव्हपाशी सांगितली जात होती! पोरीला बोध म्हणून! तिला ठाऊक नव्हतं की ती मुलगी समोर बसली आहे. मी पुस्तक मिटलं.

"नंदा, ती मुलगी मी. अन् मी कुठं बी जात नव्हती. मी भट्टीसमोर जेवायची, तुझ्या आईसोबत. माझ्या फडक्यातली भाकर खायची तुझी आई. घरी जाऊन विचार तिले."

इतकी वर्षं पाळलेला शब्द असा एका दमात मोडला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. रात्रभर मी वाट पाहत होते. ताई येतील, भांडतील, रडतील, काही का होईना, ते खोटं आता आम्हा दोघींच्या मधे टेबलावर येईल.

दुसऱ्या दिवशी नंदा एकटीच आली. दारातच उभी राहिली. रडून डोळे सुजले होते.

"मी विचारलं. आई म्हणाली, सोबत कधी जेवलोच नाही आम्ही. तुम्ही घरीच जात होतात. तिला पक्कं आठवतंय म्हणाली."

"बरं. खोटं बोलते ती."

"नाही, मॅडम." नंदाचा आवाज फुटला. "तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माझी खोटी शपथ आई कधीच घेणार नाही."

नंदा खरं बोलत होती. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कुमुदताई खोटं बोलल्या नसत्या, एवढं मी त्यांना ओळखत होते. स्टोव्हपाशी सांगून सांगून त्यांनी ते स्वतःच खरं मानलं होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. इतकी वर्षं मी रागानं का होईना पण त्या बाईला धरून होते, कारण मी भट्टीसमोरून हलले नव्हते हे जगात माझ्याशिवाय फक्त तिलाच ठाऊक होतं. आता ते कुणालाच ठाऊक नव्हतं.